पांढरा स्पंज आणि लुआंगपोंचे ठिपके

थायलंडमधल्या उत्तरादितच्या आमच्या गल्लीत बाकीचे लोक गाडी धुतात, सगळ्यांचा लुंग, म्हणजे काका, असलेला सांगुआन गाडीवर प्रवचन देतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाला आणि या माणसाला डाग दिसू लागले. ऑफिसात असताना त्याच्या टेबलावर गार कॉफीच्या ग्लासांची वर्तुळं एकमेकांत अडकून साखळी झाली होती, असं त्याची बायको, आमची काकू पा लामाय सांगते. ती साखळी मात्र त्याला नोकरीभर कधी दिसली नाही.

लामायनं फ्रिजच्या दारासाठी एक पांढरा स्पंज आणला होता. दिसायला तोफूचा तुकडा. सांगुआननं सहज तो आपल्या गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला, चपला घासून पडलेल्या काळ्या डागावर फिरवला. डाग गेला. साबण नाही, औषध नाही, नुसतं पाणी. त्या दिवसापासून फ्रिज तसाच राहिला आणि सांगुआनचा संसार स्पंजाशी सुरू झाला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यानं बॉनेटवरची कबुतराची शिट त्याच स्पंजानं रगडली. शिट गेली, तिच्याबरोबर रंगावरची चकाकीही गेली. लालभडक बॉनेटच्या मधोमध थाळीएवढा धुरकट गोल उमटला. गल्लीनं त्याचं नाव ‘लुंगचा चंद्र’ ठेवलं. त्यानं त्यावर झुंजीच्या कोंबड्याचं मोठं चित्र चिकटवलं, तर लोक म्हणाले, चंद्रावर कोंबडा उतरला. मग रेडिओभोवतीची काळी चकचकीत पट्टी गेली. ती आता मांजरानं चाटल्यासारखी दिसते.

दुसरा एखादा शरमेनं गप्प बसला असता. सांगुआन त्यातून गुरू झाला. संध्याकाळी कोणी बादली घेऊन गल्लीत आलं की हा खुर्ची घेऊन शेजारी बसायचा.

“मऊ दिसतो म्हणून फसू नकोस. हा मऊ कपड्यातला पॉलिशपेपर आहे. डाग पुसत नाही, खरवडून काढतो. रंगाला लावायचा नाही, काचेवरच्या फिल्मला नाही, चकचकीत प्लास्टिकला तर मुळीच नाही. खरखरीत प्लास्टिक किंवा रेक्झिन असेल तिथेच. आधी ओला कर, दाबून पाणी काढ, पिळू नकोस, तुकडे पडतात. सीटखालच्या कोपऱ्यात करून बघ, मगच पुढे जा. आणि हात हलका. बायकोच्या गालावरून फिरवतोयस असं समज.”

“लुंग, पा लामायच्या गालावरून शेवटचा हात कधी फिरवलास?”

“विषय गाडीचा चाललाय.”

पण त्याचं म्हणणं खरं होतं, आणि चंद्रानंतर त्यानं स्वतः एकही नियम मोडला नव्हता. म्हणून तर लामायचा थोरला भाऊ खाजोन त्याच्या दारात आपला पिकअप घेऊन आला. खाजोन लांगसात आणि दुरियान या फळांचा व्यापारी. त्याचा मुलगा वर्षावासापुरता भिक्खू व्हायचा होता आणि परवा सकाळी याच पिकअपमधून, ढोलताशे लावून, त्याला विहारात मिरवत न्यायचं होतं. पिकअप आतून असा होता की त्यात बसलेला माणूस संन्यास घ्यायला लगेच तयार झाला असता.

“बाहेरून मी धुतो,” खाजोन म्हणाला. “आतलं तुझ्यावर सोपवतो. पण सांगुआन, छताला जपून. वर लुआंगपो आहेत.”

ड्रायव्हरच्या डोक्यावर, छताच्या एकेकाळी पांढऱ्या असलेल्या रेक्झिनवर, त्रिकोणात मांडलेले पांढरे ठिपके होते. गाडी नवी असताना विहारातल्या थोरल्या भिक्खूंनी, लुआंगपोंनी, मंत्र म्हणत आपल्या बोटानं लावलेले. लुआंगपो वारले, त्यामुळे ठिपक्यांची किंमत आणखी वाढली. त्या ठिपक्यांमुळेच गाडीला आजवर ओरखडा नाही, असं खाजोनची बायको बुआपान सांगते. गाडीत बसताना ती वर हात लावते, बोटं नाकाशी नेते, डोळे मिटते आणि मगच पट्टा बांधते. ठिपक्यांना हात लावल्याशिवाय पोराची मिरवणूक अंगणातून हलणार नाही, हे तिनं घरात आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगुआननं काम नियमानं केलं. धूळ ओढून काढली. डॅशबोर्डच्या चकचकीत भागावर नुसतं ओलं फडकं फिरवलं. दारांच्या खरखरीत प्लास्टिकवर स्पंज, हलका हात, लगेच वर ओलं फडकं. छताचं रेक्झिन आधी सीटमागच्या कोपऱ्यात तपासलं. रंग उतरला नाही, तेव्हाच पुढे सरकला. दुपारपर्यंत चहाच्या रंगाचं छत दुधाचं झालं.

आणि तिथेच घोटाळा झाला. भोवती दूध झाल्यावर लुआंगपोंचे ठिपके तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे पिवळे दिसायला लागले. सांगुआन मान वर करून बघत राहिला. मिरवणुकीत सगळा गाव डोकावणार. लोक काय म्हणतील, छत चकाचक आणि लुआंगपो तेवढे मळके? हा तर लुआंगपोंचा अपमान. ठिपके पुसायचे नव्हतेच, फक्त उजळायचे होते. पुण्याचंच काम.

त्यानं हात जोडून लुआंगपोंची क्षमा मागितली, स्पंजाचा नवा कोपरा कापला आणि आयुष्यात कशाला लावला नसेल इतका हलका हात लावला.

पुदिन्यासारखा गार वास आला. सांगुआनच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाली, लुआंगपो गेले, तरी बोटाचा सुगंध ताजा. भक्तीच्या भरात त्यानं आणखी एकदा हात फिरवला. ठिपके स्पंजात उतरले. रेक्झिनवर फक्त बारीक ओरखडे उरले, गोल गोल. ते आपल्या स्पंजाचे नाहीत, जुने आहेत, हे त्याला दिसलं. लुआंगपोंचं नख लागलं असेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

लामाय खाओफानची, तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांची, ताटली घेऊन आली तेव्हा तो गाडीत तसाच मान वर करून बसला होता.

“म्हाताऱ्या, मान अडकली का?”

त्यानं वर बोट दाखवलं. लामायनं आत डोकं घातलं, वर बघितलं आणि ताटली सावकाश बॉनेटवर ठेवली.

“लुआंगपो कुठे आहेत?”

त्यानं स्पंज पुढे केला.

“माझी वहिनी माहेरचं श्राद्ध विसरेल पण हे विसरणार नाही,” लामाय म्हणाली. “मिरवणूक अडली तर माझं माहेर बंद. मग मी तुझ्याचजवळ राहणार, दिवसभर. विचार कर.”

त्यानं विचार केला. घरात जाऊन उन्हाळी पुरळावर लावायच्या पांढऱ्या मातीची वडी आणली आणि वाटीत पाण्यात कालवली.

“हे तू करणार?” लामाय म्हणाली. “काल याच बोटानं लॉटरीचे आकडे मांडत होतास. परवा याच बोटानं बेडूक साफ केलेस.”

“बोट धुतलंय.”

“त्याला पण स्पंज लाव.”

मंत्र येत नव्हते म्हणून त्यानं ठिपके लावताना आपले नियम पुटपुटले: हात हलका, आधी कोपऱ्यात, पिळायचं नाही. ठिपके लुआंगपोंपेक्षा सुबक आले. खरं म्हणजे फारच सुबक, पाणीपट्टीच्या बिलावरच्या रकान्यांसारखे.

संध्याकाळी खाजोन आला. डॅशबोर्डवर बोट फिरवलं, खूश झाला. मग सीटवर बसला आणि वर बघितलं. अर्धा उठून त्यानं नाक छताला लावलं.

“सांगुआन,” खाजोन खालच्या आवाजात म्हणाला, “वास कुठे गेला?”

“कसला वास, पी?” थोरल्या भावाला म्हणावं तसं सांगुआन म्हणाला.

“माझ्याकडे बघ आणि बोल.”

सांगुआननं सगळं ओकलं. उजळायला गेलो होतो, हात हलका होता, क्षमा मागून केलं, लुआंगपोंचा सुगंध शेवटपर्यंत दरवळत होता. पायांवर डोकं ठेवायला तो वाकला, पण स्टिअरिंग मध्ये आलं.

खाजोननं त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि दार ओढून घेतलं. काच वर केली. लामाय घराच्या दारात उभी होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून एसीही लावला.

“तो लुआंगपोंचा सुगंध नव्हता. टूथपेस्ट होती.”

“टूथपेस्ट?” सांगुआन म्हणाला.

“लुआंगपोंचे ठिपके मीच घालवले. ते हयात असतानाच. पोरानं मागून दूध उडवलं होतं, पुसायला गेलो, सगळंच गेलं. बुआपान बाजारातून यायच्या आत काहीतरी लावायला हवं होतं. हाताला लागली ती पेस्ट. तेव्हापासून ती रोज हुंगते आणि म्हणते, बघा, पुण्य कसं ताजं आहे. सुकली की मी गुपचूप नवी लावतो.”

“आणि ओरखडे?” सांगुआन म्हणाला. “ते गोल ओरखडे?”

“दूध वाळलं होतं ना. भांड्यांची हिरवी घासणी घेतली.”

लुआंगपो गेले, मिरवणूक गेली, मेव्हण्याचा मान गेला. सांगुआनच्या मनात एकच गोष्ट उरली.

“हिरव्या घासणीनं? रेक्झिनवर? कोरडी?”

“थोडी ओली होती.”

“पी, रेक्झिनला हिरवी घासणी? तव्याची? कोपऱ्यात तरी करून बघायचं होतं. माझा स्पंज निदान नजरेला मऊ तरी आहे. देवाची जागा आणि तुम्ही तवा घासलात.”

“हळू बोल. तुझी बायको बघतेय.”

“तुम्ही थोरले म्हणून गप्प बसतो,” सांगुआन म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला नाही.

शेवटी तोच घरात गेला आणि सदऱ्यात लपवून पेस्ट घेऊन आला. त्यानं आपले सुबक ठिपके ओल्या फडक्यानं टिपून काढले, घासले नाहीत. खाजोननं सरावलेल्या बोटानं नवे लावले, जरा वाकडेतिकडे, एक मोठा एक छोटा, अगदी पूर्वीसारखे.

मिरवणुकीच्या सकाळी बुआपान पुढच्या सीटवर बसली. मागे मुंडन केलेला पोरगा, पांढऱ्या कपड्यात, छत्रीखाली. ढोलवाले तिच्याकडे बघत थांबले होते. तिनं हात वर नेला, बोटं नाकाशी आणली, डोळे मिटले आणि पट्टा बांधला. ढोल सुरू झाले.

गाडी सांगुआनजवळून जाताना तिनं काच खाली केली. “सांगुआन, छत इतकं उजळलंस आणि लुआंगपोंना धक्का लागू दिला नाहीस. तुझ्या हातात भक्ती आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या आईची गाडी पाठवते. तिच्यातले ठिपके फार मळलेत.”

सांगुआननं हात जोडले. खाजोन सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता.

मागून लामायचा आवाज आला. “म्हाताऱ्या, सकाळपासून शोधतेय, आपली पेस्ट कुठेय?”