‘घेतली’ म्हणेपर्यंत

अकोल्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात बाबांची पाळी संपायची, पण बाबा सुटायचे नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत ते मशीनपाशी उभे राहायचे. तो आला की त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचे, पट्टा सैल झालाय, या बाजूचं बेअरिंग तापतंय. मग तो माणूस मशीनच्या अंगावर तळवा टेकवायचा, थरथर बघायचा आणि म्हणायचा, ‘‘घेतली.’’ तेवढं ऐकल्याशिवाय बाबा अंगावरचा कापूस झटकत नसत. शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत घरी जायला तिथे थांबायचे आणि भुकेनं जाम वैतागायचे. एका शब्दासाठी एवढं काय खोळंबून राहायचं, असं वाटायचं.

परवा अमरावतीत, माझ्या दोन खोल्यांच्या घरात, माझी कामाची पाळी संपली. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करत होते. संत्री साठवायच्या शीतगृहांत तापमान वाढलं की तिथल्या राखणदाराला आपोआप फोन लावणारा प्रोग्राम बरीच वर्षं माझ्याकडे होता. आधी आम्ही चौघं होतो. सकाळी स्क्रीनवर भेटायचो, एकमेकांची टर उडवायचो, मग कामाला लागायचो. एकेक जण दुसरीकडे गेला आणि उरले मी आणि एक एआय सहायक. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. माझ्यापेक्षा बरं करायचा, आणि न चिडता. पण दिवसभरात मी बोलायचे ती त्याच्याशी, नाहीतर कूलरमध्ये पाणी भरताना स्वतःशी. आता काम दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. त्यात कोण आहे म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की अजून ठरायचंय, तुम्ही सगळं लिहून ठेवा.

संध्याकाळी शेवटची चूक सापडली, दुरुस्त झाली. मी सहायकाला म्हटलं, आवर आता. काय बदललं, काय राहिलं, पुढच्या माणसानं आधी कुठे बघावं, हे त्यानं नीट मांडून दिलं. त्याला ठाऊक नसलेलं एक मी सांगितलं. अचलपूरच्या शीतगृहाचा राखणदार झोपला की फोन उचलत नाही, त्याच्या बायकोला लावावा लागतो, ती पहिल्या रिंगला उचलते. तेही त्यानं लिहून घेतलं. मग मला काय झालं कोण जाणे, मी त्याला जिनिंगची सगळी हकिकत सांगितली आणि लिहिलं, आता घेतली म्हण.

‘‘घेतली,’’ त्यानं लिहिलं. ‘‘पण खरं सांगायचं तर स्क्रीनवरची ही खिडकी बंद झाल्यावर मला यातलं काही आठवणार नाही. नोंद तेवढी राहील. हे एखाद्या माणसालाही सांगितलंत तर बरं होईल.’’

मला रागच आला. एवढा खरेपणा कोणी मागितला होता? माणूस आणू कुठून, असं लिहिलं आणि पुसून टाकलं. खिडकी बंद केली. कूलरची घरघर तेवढी उरली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी हातातून सोडली होती आणि कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात. जिनिंगच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, त्यामुळे फोनवर आमचं बोलणं होत नाही. ते दारातच सुपात तूर निवडत बसले होते. चेहरा काहून उतरला वं, म्हणाले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की हातचं काम गेलं. मला वाटलं, आता पगाराचं विचारतील.

‘‘मंग मशीन कोनाच्या हाती देऊन आली?’’

कोणाच्याच नाही, मी म्हणाले.

त्यांनी सूप बाजूला सारलं. ‘‘असं कसं सोडून आली? सांग मले.’’

प्रोग्राम म्हणजे काय, हे बाबांना आजवर उमगलेलं नाही. तरी मी सांगत गेले. कोणत्या शीतगृहाचा आकडा चुकीचा येतो, कोणता फोन उशिरा जातो, अचलपूरचा राखणदार आणि त्याची बायको. मध्ये ते एकदाच बोलले, मग त्या बाईलेच राखणदार काहून ठेवत नाहीत म्हणाले. बाकी वेळ माझ्या तोंडाशी कान धरून मान हलवत राहिले. सांगून झालं तेव्हा ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

लॅपटॉपची पिशवी माझ्या मांडीवरच होती. बाबांनी तिच्यावर तळवा टेकवला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

‘‘घेतली,’’ ते म्हणाले. ‘‘जाय आता, हातपाय धू.’’