वाढवून मिळालेले फटके

डोंगरावरच्या गोल्फ मैदानावर माझे मित्र सरदेसाई वाकून चेंडू खुंटीवर ठेवू पाहत होते आणि तो पुन्हा पुन्हा घरंगळत होता. कंपवाताने त्यांचा उजवा हात थरथरत होता.

गोल्फमध्ये खेळाडूच्या शेवटच्या काही खेळांतले चांगले तेवढे निवडून त्यांवरून त्याचा हँडिकॅप, म्हणजे सवलतीचे फटके, ठरवतात. मैदान अवघड असेल तर ते वाढवून मिळतात. मघाशी काउंटरवरच्या माणसाने आम्हाला तसे वाढीव फटके सांगितले, तेव्हा सरदेसाईंनी शांतपणे विचारलं होतं, “आणि हाताचे किती देता?” तो बिचारा कसनुसं हसला.

मैदानाचे चढ, वाळूचे खड्डे, वारासुद्धा कुणीतरी जोखून ठेवलाय. आपलंच शरीर अवघड होत जातं, त्याचा अंदाज कोण देणार? दुखण्यामुळे खेळणं कमी झालेल्या सरदेसाईंचे जुने चांगले खेळ अजून धरले जात होते, म्हणून नियमाने ते आजही पट्टीचे खेळाडू होते आणि पट्टीच्या खेळाडूला सवलत कमी.

मी पुढे होऊन चेंडू ठेवला. “मारा आता,” मी म्हणालो.

ते चेंडूकडे बघत राहिले. “तू खेळ रे,” म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला.

खिशाचं कापड हलतच होतं.