तीन जांभया

टेलरबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जांभई देत होता.

कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, त्या सकाळपासून बाकावर बसून होत्या. वकीलसाहेब शेजारच्या कोर्टात अडकले होते. जाताना त्यांनी बजावलं होतं, आत गर्दी करू नका, नावाचा पुकारा झाला की उठा. बाई पाणी प्यायलासुद्धा हलल्या नव्हत्या. मधेच दाराशी पट्टेवाला आला, उंच आणि वाळका. त्याने हनुवटी वर करून आ वासला, मिटला, पुन्हा वासला. असं तीनदा झालं. मग मान खाली घालून तो आत गेला. पाच वाजता व्हरांडा रिकामा झाला, तेव्हा आज आपला नंबर लागला नाही असं समजून बाई घरी परतल्या. धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "कोर्टातली माणसंही आपल्यासारखीच पेंगतात गं."

आठवड्याने वकीलसाहेबांनी बोलावून घेतलं. निकाल लागला होता. तीस दिवसांत खोली रिकामी करायची. एकोणीस वर्षं त्याच खोलीत बाईंचं शिवणयंत्र होतं, कापायचं टेबल होतं, आणि टेबलाखाली गुंडाळलेलं अंथरूण होतं. राहायच्या खोलीत धंदा चालतो, अशी घरमालकाची तक्रार होती. निकालाच्या कागदावर एक ओळ होती : तीनदा पुकारा केला, प्रतिवादी गैरहजर.

"मी तर तिथेच होते," बाई म्हणाल्या. हातातली पिशवी कधी खाली पडली आणि रिळं खुर्च्यांखाली कधी गडगडत गेली, तेही त्यांना कळलं नाही.

वकीलसाहेबांनी वाकून रिळं गोळा केली आणि शांतपणे सगळं समजावलं. एकतर्फी निकाल रद्द होऊ शकतो, पण गैरहजेरीला पुरेसं कारण दाखवावं लागतं. इंग्रजी कायद्यात त्याला सफिशंट कॉज म्हणतात, तिथूनच हा शब्द आपल्याकडे आला. पुरेसं म्हणजे किती, याचं माप मात्र कायद्याने कुठेच दिलेलं नाही, ते न्यायाधीश ठरवतात. आजारपण सहसा चालतं. तापाचा दाखला डॉक्टरांकडून मिळण्यासारखा होता.

"मला ताप नव्हता," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचं खरं कारण कोर्टाच्या स्वतःच्या कागदाशी भांडतंय. कोर्टात कागद जिंकतो."

बहिणीनेही घरी डोकेफोड करून पाहिली. लोक रजेसाठी मेलेल्या सासऱ्याला दोनदा मारतात, तुला एक ताप आणता येत नाही? पण बाईंची गोष्टच वेगळी. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाला कपडा किती लागला ते खरं सांगितलं होतं. उरलेली चिंधीसुद्धा पुडीत बांधून परत द्यायच्या. अर्जात त्यांनी एकच वाक्य घालायला लावलं : मी बाकावर बसून होते आणि माझं नाव मला ऐकू आलं नाही.

सुनावणीला घरमालकाचे वकील मजेत होते. दिवसभर बाकावर बसून स्वतःचं नाव ऐकू येत नसेल, तर बाईंनी कोर्टात यायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं, असं ते म्हणाले. माणसं हसली. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला दाराशी काय दिसलं?

"एका माणसाने तीन जांभया दिल्या, साहेब."

आता सगळं कोर्ट खदखदून हसलं. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. दाराजवळ उभा असलेला पट्टेवाला तेवढा हसला नाही. सगळे त्याला पुकाऱ्या म्हणत. सव्वीस वर्षं त्याने त्या दारातून माणसांना हाका मारल्या होत्या. पूर्वी त्याचा आवाज खालच्या फाटकापर्यंत जायचा म्हणे. तो पुढे आला, साक्षीच्या कठड्याला हात लावून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. कुणाला ऐकू गेलं नाही. न्यायाधीशांनी पंखा बंद करायला सांगितला.

"त्या जांभया नव्हत्या," तो म्हणाला. आवाज कसला, नुसती हवा होती. "मी बाईंना हाक मारत होतो."

घसा बसून त्या दिवशी आठ दिवस झाले होते. आज उघडेल, उद्या उघडेल, या आशेवर तो रोज दारात उभा राहून तोंड उघडायचा आणि आत येऊन, कुणी आलं नाही म्हणून मान हलवायचा. पुकारा येत नसेल तर पुकाऱ्याला ठेवतं कोण? वकील मंडळी आपापला नंबर ओळखून उठत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. न्यायाधीशही मान खाली घालून लिहीत असायचे.

बाईंना राग यायला हवा होता, तो येईना. हा माणूस गप्प राहिला असता तर कोण विचारणार होतं?

"अजून कुणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तिघं, साहेब. नावं पाठ आहेत." आणि त्याने ती नावं घेतली, हळूहळू, एकामागून एक. एवढ्या भरल्या कोर्टात ती कुजबुज शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेली. बाई आजही सांगतात, तसा पुकारा त्यांनी कधी ऐकला नाही. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

मग ते बोलले ते थोडकं होतं. "पुरेसं कारण म्हणजे मोठं कारण नव्हे. माणसाने आपल्या हातात होतं तेवढं केलं का, एवढंच कोर्टाने पाहायचं असतं. या बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या हातात याहून जास्त काही नव्हतं."

बाईंचा निकाल रद्द झाला. खटला नव्याने चालला आणि खोली राहिली. त्या तिघांची प्रकरणंही पुन्हा उघडली. पुकाऱ्याची चौकशी झाली, पट्टा गेला, नोकरी कशीबशी वाचली. घशात गाठ निघाली. ती काढली, पण आवाज परत आला नाही. गळ्याला काचू नये म्हणून बाई त्याच्या सदऱ्यांना बिनकॉलरचे सैल गळे शिवून देतात.

हल्ली तो कोर्टाच्या तळघरात जुन्या प्रकरणांचे गठ्ठे बांधतो, आणि काही सांगायचं असलं तर खिशातल्या वहीत लिहून दाखवतो.