दोकियाआजीची काडेपेटी

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावरचं आमचं गाव. इथल्या जपलेल्या जुन्या इमारती बघायला उन्हाळ्यात पाहुणे येतात: चर्च, शाळा आणि युक्रेनहून आलेल्या पहिल्या लोकांचं मातीचं घर. किल्ल्या दोकियाआजीकडे असतात. हिवाळ्यात ती सगळीकडे कुलूप लावते, फक्त त्या घराला नाही. चुलीत लाकडं रचते, वर काडेपेटी ठेवते आणि दोन काड्या अर्ध्या बाहेर काढते, वाट चुकलेल्याच्या गारठलेल्या बोटांना ओढता याव्यात म्हणून. जुन्या लोकांची रीतच तशी.

"आजी, चोर शिरेल ना!" इमारती जपणाऱ्या समितीचा मेल्विन दरवर्षी कावतो.

"शिरू दे मेल्या! चोराला काय थंडी वाजत नाही?"

मलाही हा म्हातारचळच वाटायचा.

यंदा तीन दिवसांचं हिमवादळ थांबलं, तशी मी तिच्यासोबत त्या मातीच्या घरी गेले. दाराबाहेर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. वाऱ्याने सगळं पुसलं होतं. आत गोधडीची नीट घडी होती. बादलीत काढलेली राख अजून कोमट होती.

एरवी तोंडाळ असलेली आजी चर्चमध्ये वाकते तशी चुलीपुढे वाकली.

चुलीत नवी लाकडं रचलेली होती. वर काडेपेटी होती, आणि दोन काड्या अर्ध्या बाहेर.