मानसरोवराने न घेतलेला कलश

नवऱ्याला मानसरोवरात सोडून यायचं, एवढ्याच कामासाठी मी दुबईहून काठमांडूच्या विमानात बसले होते. तो माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता, तांब्याच्या छोट्या कलशात. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट.

दुबईतल्या एका वर्कशॉपमध्ये तो सुपरवायझर होता. लोखंडाच्या ठणठणाटात आणि भाजून काढणाऱ्या उन्हात त्याची उमर गेली. बर दुबई भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात मानसरोवराचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्ष उलटलं तरी त्याने ते काढू दिलं नाही. "आयुष्य वाळूत गेलं, निदान शेवट तरी गार पाण्यात होऊ दे. मला तिथे सोड," म्हणायचा. मी म्हणायचे, "आधी भाजी आण." मग एका दुपारी वर्कशॉपमधून फोन आला आणि थट्टेतलं बोलणं शेवटची इच्छा होऊन बसलं. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून यात्रेचा मोसम येईपर्यंत कलश बाल्कनीत एसीच्या शेजारी टांगला. निघताना सोळा वर्षांच्या मुलीला शेजारच्या वहिनींकडे ठेवलं. ती विमानतळावर आली नाही, अभ्यास आहे म्हणाली.

काठमांडूहून जीपने हाडं खिळखिळी करत आमचा गट वर तिबेटात पोचला. समुद्राच्या काठी राहणारी मी, मला पाण्याचं काय अप्रूप! पण एका चढावर ड्रायव्हरने कुणी न सांगता गाडी थांबवली आणि खाली ते दिसलं. मी अक्षरशः हादरले. काठाशी तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ, पुढे हिरवट, आणि मधे दौतीतल्या शाईसारखं गडद. पलीकडे बर्फाचा आख्खा डोंगर पाण्यात उतरलेला, उत्तरेला कैलास. ना बोट, ना दुकान, ना माणूस. एवढ्या पाण्याला कुणी हात लावलेला नाही, हे मला खरंच वाटेना. कॅलेंडरवाल्याने आमची चक्क फसवणूक केली होती. मग रागच आला. हे बघायला तो हवा होता, आणि आले कोण, तर थंडीत नाक गळणारी मी.

आमच्या गटातले, दुबईतल्याच देऱ्याचे एक काका लगेच आंघोळीला निघाले, हातात साबणाची वडी. तेवढ्यात सरोवराची प्रदक्षिणा करणारी एक तिबेटी आजी थांबली आणि तिने त्यांना असं काही झापलं की काका पंचा सावरत मागे फिरले. "काकाजी, साबुन नहीं," नेपाळी गाइड म्हणाला, "इसमें देवता रहते हैं." काका पुटपुटले, "खलास, खलास, समजलं." आम्ही पोट धरून हसलो.

मग मी कलश घेऊन पाण्यात उतरले. पाय क्षणात बधिर झाले. कलशाचं लाल फडकं सोडलं, आणि कुणीतरी माझं मनगट करकचून धरलं. तीच आजी, बुटांसकट पाण्यात. माझं डोकंच फिरलं. माझा नवरा, माझं दुःख, ही कोण मला अडवणारी? मी मराठीत ओरडले, ती तिच्या भाषेत. एकमेकींना आमचं व्यवस्थित कळत होतं.

गाइड धावत आला. "माँ कहती हैं, यह पानी पीने का है, देवता का है. इसमें कुछ नहीं डालते. राख भी नहीं."

"इनको बोलो, हमारे यहाँ पवित्र पानी में ही छोड़ते हैं!"

त्याने सांगितलं. आजी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, शुद्ध आश्चर्य होतं. "पूछती हैं, पवित्र है तो मैला क्यों करते हो?"

गंगा, गोदावरी, कृष्णा, सगळ्या एकदम आठवल्या आणि एकीच्याही बाजूने मला बोलता येईना.

आजीने झग्यातून लाकडी वाडगा काढला, पाणी भरलं आणि मला प्यायला लावलं. उरलेल्या पाण्यात बोट बुडवून कलशावर थेंब टाकला. मग काहीतरी विचारलं. "पूछती हैं, इनका घर कहाँ है? घर ले जाओ."

त्याचं गाव सांगली, तेच म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "दुबई." माझी मीच दचकले. व्हिसाचे शिक्के मारत जिथे राहिलो, ते घर कधी झालं?

परत आले तेव्हा दार मुलीने उघडलं. "जमलं नाही गं," मी म्हटलं, "आता नाशिकला..." तिने पिशवीतून कलश काढला आणि तिला तो जड लागला. "ही इज स्टिल हिअर?" बाप गेला त्या दिवशीही न रडलेली माझी पोर कलश पोटाशी धरून फरशीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली. "मम, आय कुड नेव्हर गो देअर टू सी हिम!"

इच्छा त्याची होती, यात्रा माझी होती. बाप तिचाही होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जागा तिने ठरवली, जुमेऱ्याचा किनारा. तिथे त्याने तिला पोहायला शिकवलं होतं. अस्थी मुलीने सोडायच्या नसतात, असं वहिनी म्हणाल्या; मी ऐकलं नाही. शुक्रवारी सकाळी ती कपड्यांसकट आत गेली. पाणी छातीशी आलं, तरी तिला कलश उलटा करवेना. मी काठावरून हाका मारत राहिले. शेवटी मीही आत गेले, तिच्या हातांवर हात ठेवले, आणि दोघींनी मिळून त्याला सोडलं.