साखळ्यांचा आवाज

नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये निशी-कसाईत राहायला आलो, तेव्हा शेजारचे जपानी काका निवृत्तीनंतर कुठे राहायचं ते शोधत होते. डिस्क गोल्फसाठी, म्हणजे खांबावरच्या टोपलीत तबकडी फेकायच्या खेळासाठी, चांगली जागा हवी, एवढंच ते सांगत.

एकदा नदीकाठी मी त्यांचा खेळ पाहिला. काकूंना दिसत नाही. काका टोपलीवर लटकणाऱ्या साखळ्या वाजवत आणि काकू त्या आवाजाच्या रोखाने तबकडी फेकत. पुलावरून ट्रेन धडधडत आली की दोघंही थांबत.

"जागा ठरली का?" मी विचारलं.

"एतो..." नेहमीसारखे थोडे अडखळून काका म्हणाले, "डोंगरात एक गाव आहे. मैदान साधंच आहे, पण तिथे ट्रेन नाही."

त्यांनी पुन्हा साखळ्या वाजवल्या. काकूंची तबकडी साखळ्यांवर आदळून सरळ टोपलीत पडली. मी टाळ्या वाजवणार होते, पण काकू तो खणखणाट कान देऊन ऐकत होत्या. मी हात आवरले.