घड्याळजींची पसरी

घड्याळजींच्या हाताला गुण नाही, हे त्यांच्या घरात लग्नापासून ठरलेलं होतं. चाळीस वर्षं लोकांची बंद घड्याळं चालू केली त्यांनी, पण झाडाला हात लावला की झाड बंद. निवडुंगसुद्धा त्यांच्या देखरेखीखाली गेला होता. "अहो, तुम्ही आपलं लांबूनच बघा," बायको म्हणायची, आणि ते लांबूनच बघायचे. बाग तिची. त्यातही खिडकीखालचा निशिगंधाचा वाफा म्हणजे तिचा जीव की प्राण.

मग ती पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा जमिनीला लागला नाही. पलंग खिडकीपाशी ओढला, तरी आडव्या माणसाला तिथून दिसायचं ते फक्त आभाळ. संध्याकाळी मात्र निशिगंधाचा वास आत यायचा आणि डोळे मिटून ती सांगायची, "आज चार दांड्या फुलल्यात." घड्याळजी बाहेर जाऊन मोजायचे. चारच असायच्या.

थंडीत निशिगंधाची पात वाळून गेली आणि वाफा उघडाबोडका दिसू लागला. "असू दे," बायको म्हणाली, "नुसतं लक्ष ठेवा त्याच्यावर." लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. सगळं चुकलं ते इथेच.

नर्सरीवाल्यानं त्यांना पसरीच्या मूठभर काड्या फुकट दिल्या. जमिनीलगत सरपटणारी, बटणाएवढ्या पिवळ्या फुलांची ती वेल; तिचं खरं नाव त्यालाही माहीत नव्हतं. "पेर मातीत गेलं की झालं," तो म्हणाला. "पाणी तेवढं दोन वेळा घाला." घड्याळजींनी काड्या पेराखाली तिरक्या कापल्या, खालची पानं खुडली आणि त्या रिकाम्या वाफ्यात वीतभर अंतरावर खोचल्या. दहाव्या दिवशी एक काडी हळूच ओढून पाहिली. येईना! मूळ धरलं होतं तिनं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या हातून काहीतरी रुजलं होतं.

मग काय विचारता! दोन महिन्यांत वाफा गच्च भरला, आणि फाटकाशी थांबेल त्याच्या हातात काड्या नि कानात उपदेश. कपात चार फुलं घालून त्यांनी बायकोपुढे धरली. "तुमच्या हाताला गुण आला हो," ती म्हणाली आणि किती दिवसांनी मनापासून हसली. "कुठे लावलीत?"

"अंगणात," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते.

ऊन तापायला लागलं तशी ती रोज विचारू लागली, "निशिगंधाची पात वर आली का?" नव्हती आली. पसरीनं अडवली असेल म्हणून घड्याळजींनी ती उपटायला घेतली, तर तुटलेलं प्रत्येक पेर चार दिवसांत पुन्हा रुजायचं. गुण येऊन येऊन असा आला होता. शेवटी दुकानातला बारीक चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन ते वाफ्यात बसले आणि एकेक मूळ वेचू लागले. तिसऱ्या दिवशी मातीखाली निशिगंधाचा पहिला कंद लागला. त्यांनी बोट टेकवलं, ते आत गेलं. दुसराही तसाच, तिसराही. अख्खा वाफा सडला होता.

"थंडीत पाणी घातलंत?" नर्सरीवाला म्हणाला. "आजोबा, तेव्हा कंद झोपलेले असतात. कोरडेच ठेवायचे. आता नवे मिळतील ते पुढच्या हंगामात."

घरी येताना त्यांनी बोलायचे शब्द जुळवले होते. पण दार उघडताच तिनं विचारलं, "आली का हो पात?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आली." एकदा पात आल्यावर दांडी येणं आलं, कळ्या येणं आलं. फुलवाल्याकडून त्यांनी दोन दांड्या आणून खिडकीखाली खोचल्याही. दुहेरी पाकळ्यांची फुलं, दिसायला ऐटदार, पण वासाच्या नावानं शून्य. आणि एका संध्याकाळी तिनं विचारलंच, "फुलला का?"

"फुललाय. दोन दांड्या."

"मग उघडा ना खिडकी."

त्यांनी खिडकी सताड उघडली. तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"अहो, मला वास येत नाहीये." तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "पाय गेला तेव्हा रडले का मी? नाही ना? पण आता नाकही गेलं का हो माझं?"

आता सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य, मी तुझा वाफा मारला. घड्याळजींनी तोंड उघडलं. तिनं त्यांचा हात अजून सोडला नव्हता.

"वयानं होतं असं," ते म्हणाले.

 तिनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले.

"मग लावून टाका खिडकी," ती म्हणाली. "उगाच डास येतात."

घड्याळजींनी खिडकी लावली.